पूल कशाने बसला

"अकोल्याच्या दोन ज्येष्ठ सदस्यांनी मोडक्या खेळण्यांचे तुकडे जोडून एक पूल तयार केला होता. हौस मोठी होती, माल मात्र हलका होता. भर सामन्यात, निमंत्रित पाहुण्यांच्या देखत, तोफखाना मधोमध आला आणि ते जुनाट प्लास्टिक पिचले. पूल बसला. सर्वत्र हशा पिकला. त्या दिवसापासून भंगाराला टेबलावर जागा द्यायची नाही, असे मंडळाने ठरवले."

हा उतारा आमच्या अमरावतीच्या, टेबलावर लढाया खेळणाऱ्या मंडळाच्या स्मरणिकेत, अध्यक्षांच्या लेखात, त्यांच्या हसऱ्या छायाचित्राखाली छापलेला आहे. यातल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. पूल बसला हे खरे, आणि हशा पिकला हेही खरे. बाकीचे खोटे आहे, आणि ते कसे खोटे आहे हे सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे. नावे मी कोणाचीच घेणार नाही. ज्याला लागायचे त्याला नावाशिवायही लागेल.

मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. माझ्या हाताने काढलेल्या नकाशांवरून मोऱ्या झाल्या, सांडवे झाले, लहान-मोठे पूल झाले, आणि त्यांच्यावरून आजही उसाच्या नव्हे, पण कापसाच्या गाड्या बिनदिक्कत जातात. पूल कशाने उभा राहतो आणि कशाने बसतो, हे आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकाने, मला छापून सांगावे, ही गोष्ट मी मुकाट्याने गिळणार नाही. आणि माझे एकट्याचे असते तर कदाचित गिळलीही असती. पण त्या उताऱ्याने ज्याचा अपमान झाला, तो मी नव्हे. तो माझा मित्र आहे, आणि त्याने तो अपमान खरा मानला. माझा खरा राग तिथे आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मोठ्या टेबलावर टेकड्या, नदी, वेस, वस्ती असा मुलूख मांडतात. बोटाच्या पेराएवढे सैनिक दोन्ही बाजूंनी उभे करतात. मोजपट्टीने अंतर मोजून त्यांना पुढे सरकवायचे आणि फासे टाकून कोण पडले, कोण टिकले ते ठरवायचे. पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. ज्याला बुद्धिबळ येत नाही त्याला तेही तसेच वाटते.

अध्यक्षांचा मुलगा परदेशात असतो. सैनिक त्याने पाठवले, टेबलावरचा देखावाही त्यानेच पाठवला. मी पहिल्यांदा अमरावतीला त्यांच्या कॅम्पातल्या घरी, माडीवरच्या दिवाणखान्यात गेलो, तेव्हा टेबलावर उतरत्या छपरांची, धुराडी असलेली घरे होती आणि झाडांवर बर्फ होता. त्या बर्फातून निजामाची फौज चालली होती आणि समोरून मराठ्यांचे घोडेस्वार येत होते, आणि अध्यक्ष मोठ्या गांभीर्याने सांगत होते की ही वऱ्हाडातली लढाई आहे. मे महिन्यातला अकोला मी जन्मभर अंगावर घेतला आहे. मला राहवले नाही. मी विचारले, की हा बर्फ वऱ्हाडात कोणत्या तालुक्यात पडतो. चारपाच लोक हसले. अध्यक्षांना ते आवडले नाही. त्यांचे शिक्षण पुण्याचे. आमची बोली त्यांना 'गोड' वाटते, म्हणजे ती ऐकण्यापुरती. ते म्हणाले, "मग आपणच करून आणा ना वऱ्हाड."

मी करून आणले. हे स्मरणिकेत नाही.

आता मित्राविषयी. मोर्णा नदीपलीकडे, अकोल्याच्या जुन्या शहरात, त्याचे खेळण्यांचे दुकान होते, त्याच्या वडिलांपासूनचे. मी त्याला शेठ म्हणतो, तो मला साहेब म्हणतो, आणि दोघेही ते थट्टेनेच म्हणतो, कारण ना तो कधी शेठ झाला, ना मी साहेब. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्याने गल्ला मुलाच्या हाती दिला. मुलगा आता त्याच जागी मोबाइलची कव्हरे विकतो. दुकानातून घरी आली ती फक्त पोती.

या पोत्यांना अध्यक्ष भंगार म्हणतात. शब्द वापरताना माणसाने निदान वस्तू पाहावी. भंगार म्हणजे जे कोणाच्याच कामाचे नाही ते. शेठच्या पोत्यांतला माल दुरुस्तीसाठी राखलेला होता. त्याच्या दुकानाचा रिवाजच तसा होता: घेतलेले खेळणे मोडले तर पोराने परत आणावे, आणि शेठने दुसऱ्या एखाद्या न विकल्या गेलेल्या खेळण्याचे चाक, दांडा, दार, जे हवे ते काढून त्याला बसवून द्यावे. पातूरकडून बाजाराला आलेली माणसेसुद्धा मोडका डंपर पिशवीत घालून त्याच्याकडे आणत. त्यासाठी त्याने वर्षानुवर्षे सुटे भाग जमवले, आणि ते जमवताना प्रत्येक भाग पारखून घेतला. टिचकी मारायची. कडक प्लास्टिक टणक वाजते. मऊ प्लास्टिक मुके राहते. मुक्याला गोंद धरत नाही, रंगही धरत नाही. आमच्या देखाव्यात मुका तुकडा त्याने कधी येऊ दिला नाही. मी एखादा सुबक भाग उचलला की तो माझ्या हातातून काढून घ्यायचा, टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "साहेब, हे नुसतं दिसाले चांगलं हाय. अमरावतीले पाठवा, तिथं चालते."

या मालातून आम्ही काय केले ते ऐका. भातुकलीतल्या कुकरच्या झाकणाचे घुमट केले. पिचकाऱ्यांच्या नळ्या कापून मिनार केले. बाहुलीच्या पलंगाच्या कठड्याची खिडक्यांना जाळी लावली. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चाके तोफांच्या गाड्यांना गेली. झाडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, मुळ्यांची, कारण बाभळीचे पिळवटलेले खोड दुसऱ्या कशातून साधत नाही. जमिनीसाठी मी काळी माती चाळून सुताराच्या पांढऱ्या गोंदात कालवली आणि फळीवर लिंपली. वाळल्यावर तिला भेगा पडल्या. शेठ हळहळला. मी म्हटले, राहू द्या, उन्हाळ्यात वावराला पडतात त्या काय वेगळ्या असतात. याच भेगांना पुढे मंडळातल्या एका गृहस्थांनी 'अकुशल कामाचा दोष' म्हटले. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत. वावर त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिले असेल.

हे सगळे काम माझ्या घरी चाले, कारण शेठच्या घरात जागा नाही. माझ्या पत्नीने ते कसे सोसले ते तिलाच ठाऊक. एकदा तिची बहीण आली, तिने खाटेखाली पाहिले आणि हे काय म्हणून विचारले. पत्नी म्हणाली, "घरात मानसं दोन, अन् मुंडकं नसलेल्या बाहुल्या पोतंभर. सांगू कोनाले."

आता पूल.

डंपरची मोठी चाके आम्ही बरोबर मधोमध करवतीने कापली. एका चाकाच्या दोन कमानी होतात. खांब कडक ठोकळ्यांचे. वरची सडक म्हणजे चावीच्या बसचे सपाट छत. कठडे खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे. कमानी आणि सडक यांच्यामधली पोकळी मी फ्रिजच्या खोक्यातल्या थर्मोकोलने भरली. खऱ्या दगडी पुलातही कमानीवर भराव घालतात. तो भराव कमानींना जागचे हलू देत नाही आणि वरचा भार खाली पोचवतो. इथे थर्मोकोलचे काम तेच होते. वरून आणि बाजूंनी वर्तमानपत्राचा कागद पांढऱ्या गोंदात भिजवून चिकटवला आणि त्यावर पाण्यात कालवलेल्या रंगाने, कुंच्याने, काळ्या दगडाच्या निरनिराळ्या छटा भरल्या. खालची बाजू उघडी ठेवली, कारण पुलाखाली वाकून कोणी पाहत नाही.

पूल वाळल्यावर मी त्याच्या मधोमध पाण्याने भरलेला पितळी लोटा ठेवला. पत्नी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "सांडलं तं पुसाले तुमीच बसा." सांडले नाही. पूल हललासुद्धा नाही. शेठने कठड्यावरून बोट फिरवले आणि फक्त म्हणाला, "माल बोलून राहिला."

तो पूल मी स्वतः पॅसेंजरने बडनेऱ्यापर्यंत मांडीवर घेऊन गेलो आणि पुढे ऑटोने अध्यक्षांच्या घरी पोचवला. त्या दिवशी मंडळाने त्याचे मनापासून कौतुक केले, हेही स्मरणिकेत नाही. अध्यक्षांनी स्वतः त्याची छायाचित्रे काढली आणि मुलाला पाठवली.

वार्षिक कार्यक्रमाला पाहुणे बोलावले होते. मी माडी चढून गेलो आणि टेबलाकडे पाहिले, तर पूल मला ओळखूच येईना. माझ्या छटा गेल्या होत्या. सगळा पूल बुटाला पॉलिश केल्यासारखा काळाकुट्ट चकाकत होता, आणि खोलीत गाड्या रंगवण्याच्या गॅरेजात येतो तसला उग्र वास भरला होता. मी विचारले. अध्यक्ष अगदी प्रसन्नपणे म्हणाले, "सकाळी जरा हात फिरवला. पाहुणे येणार, थोडे देखणे दिसायला हवे ना." फवाऱ्याचा रंगाचा डबा त्यांनी मला दाखवलादेखील. मोटारीवरचे ओरखडे झाकण्यासाठी आणलेला होता. पूल उलटा करून खालूनही त्यांनी मारला होता, कोपरा राहू नये म्हणून.

तसल्या डब्याला मी आयुष्यात हात लावलेला नव्हता. तेव्हा माझा संताप झाला तो छटांसाठी. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या कामावर हात फिरवणे, हा गुन्हा मला पुरेसा वाटला. आत काय झाले असेल याची कल्पना मला नव्हती, आणि अध्यक्षांना तर ती आजही नाही.

खेळ सुरू झाला. अध्यक्षांनी आपला तोफखाना पुलावर आणला. त्यांच्या तोफा ओतीव धातूच्या, हाताला चांगल्या जड. तरी पाण्याच्या लोट्यापुढे काहीच नव्हत्या. त्या मधोमध आल्या, आणि पूल आवाजसुद्धा न करता आत गेला. साय फाटावी तशी वरची सडक खचली, कमानी आडव्या झाल्या, तोफा नदीत.

मग अध्यक्ष पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "अकोल्याचा पूल आहे, उद्घाटनाआधीच जायचा."

हशा पिकला तो इथे. बँकवाले तर खुर्चीचा हात धरून हसले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, की पुलाला हात लावणाऱ्याने आधी बांधणाऱ्याला विचारावे. कोणाला कळले नाही. मी पिशवी उचलली आणि जिना उतरलो. त्या माणसांच्या पायांशी गुडघे टेकून मी माझा पूल वेचणार नव्हतो.

त्यानंतर आवृत्त्या निघू लागल्या. बँकवाल्यांचे म्हणणे, काळी माती जड होते, तिच्या वजनाने पूल आधीच वाकला होता. पुलाला काळी माती लावलेलीच नव्हती. दुसरे एक सदस्य फोनवर म्हणाले, पांढरा गोंद थंडीत सुटतो. अमरावतीत त्या दिवशी पंखे चालू होते. माझ्या पत्नीचेही एक मत होते: "लोटा ठेवला तवाच तडकला असन." या सगळ्या आवृत्त्या मी तोंडावर खोडून काढल्या, आणि पत्नी सोडली तर प्रत्येकाशी बोलणे बंद झाले.

शेठला मी इतकेच सांगितले होते, की पूल पडला, दोष आपला नाही. त्याने विचारले, "कुठून तुटला?" मी पाहिले नव्हते. तसे सांगितले. मला वाटले, विषय संपला.

मग स्मरणिका आली. टपालाने आली, आम्हा दोघांच्याही घरी, अध्यक्षांच्या सही-शुभेच्छांसह. मी वाचली आणि चप्पल घालून तडक जुन्या शहरात निघालो. शेठच्या गल्लीत शिरलो तर पोती दाराबाहेर, नालीच्या कडेला, ओळीने लावलेली.

"हे काहून भाईर काढलं?" मी विचारले.

"भंगारवाला येऊन राहिला."

"कायसाठी?"

"वाचलं नाही काय साहेब तुमी? लिहेल हाय नं तिथं. मालच कच्चा होता."

"त्यानं लिहिलं म्हनून होते काय?"

"लिहिलं नाही, छापलं त्यानं." शेठ दाराच्या पायरीवर बसला होता, स्मरणिका मांडीवर उपडी घातलेली. "माह्या दुकानातलं खेळनं कोनाचं मोडलं तं म्या बसवून देल्लं. वापस पाठवलं नाही कोनाले. पन माल पिचला, असं कोनी छापलं नव्हतं आजलोक. अब्बा असते तं त्याहीनं दुकान त्याच दिवशी बंद केलं असतं. माह्यं तं आधीच बंद हाय. पोतेच काढतो."

सांगतो, अध्यक्षांचा मला जेवढा राग आला होता, त्याहून जास्त त्या क्षणी शेठचा आला. जन्मभर ज्याने टिचकीने माल पारखला, तो माणूस छापलेल्या चार ओळींपुढे मान खाली घालतो. छापून आले म्हणजे खरे, ही जी आपल्या लोकांची खोड आहे, तिने आपला जितका घात केला तितका कोणी केला नसेल. मी हे सगळे त्याला तिथे गल्लीत मोठ्याने ऐकवले. समोरच्या घरातून एक बाई बाहेर येऊन उभी राहिली. शेठ म्हणाला, "हळू बोला. इथं माही इज्जत हाय अजून थोडी."

भंगारवाला हातगाडी घेऊन आला तेव्हा मी एका पोत्यावर बसलो होतो. शेठ म्हणाला, घेऊन जा. मी म्हणालो, हात लावून पाह्य. भंगारवाल्याने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि गाडी वळवली. "आधी तुमचं तं ठरू द्या बावा," तो म्हणाला. "जुम्म्याले येतो म्या परत."

शेठने माझ्याकडे न पाहता सांगितले, की जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, पोती जातील. तोवर मी सिद्ध करावे काय करायचे ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून तसलाच रंगाचा डबा आणला, अंगणात थर्मोकोलचा तुकडा ठेवला आणि फवारा मारला. पाहता पाहता तो तुकडा चरचरला, त्याला खड्डे पडले, आणि वर रंगाची पातळ साल तेवढी राहिली. आत काही नाही. मग दुसऱ्या तुकड्याला वरून कागद चिकटवला आणि फक्त खालून फवारला. वरून तो जसाच्या तसा दिसत होता. बोट टेकले आणि ते आरपार गेले. असे झाले होते. त्या सकाळी अध्यक्षांनी खालच्या उघड्या बाजूने पुलाचा सगळा भराव खाऊन टाकला आणि वरून त्याला चकाकी दिली. दुपारी टेबलावर पूल नव्हताच. पुलाचे कातडे होते.

मी अध्यक्षांना फोन लावला आणि हे सगळे सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. प्राध्यापकांची ही एक युक्ती असते. ऐकून घेतात आणि मग आपले जुने वाक्य नव्याने म्हणतात. "बरं, मानू आपण," ते म्हणाले. "थर्मोकोल विरघळला असेल. पण प्लास्टिक पिचलेले मी स्वतः पाहिले. जुने प्लास्टिक ठिसूळ होतेच. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही."

मी जळलेला तुकडा घेऊन शेठकडे गेलो. त्याने तो हातात घेतला, पोकळ जागेत बोट घातले, आणि परत दिला.

"हे तं तुमचं झालं, साहेब. थर्माकोल तुमचा होता. तुमी सुटले." मग म्हणाला, "माह्या मालाचं काय?"

याचे उत्तर त्या ढिगाऱ्यात होते, आणि ढिगारा मी अमरावतीत टाकून आलो होतो.

गेलो अमरावतीला. अध्यक्षांनी बसायला सांगितले. मी उभाच राहिलो आणि पुलाचे तुकडे मागितले. ते म्हणाले, की ते त्याच दिवशी झाडून टाकले, कचरा ठेवून काय करायचे होते. तेवढ्यात त्यांची पत्नी पाणी घेऊन आली. बाई अमरावतीच्याच, त्यांची जीभ पुण्याला गेलेली नाही. त्या म्हणाल्या, "झाडलं कुठं जी? ते नांदगावचे सर नाही काय घेऊन गेले, खोक्यात भरून. तुमीच तं खोकं देल्लं त्याहीले." अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मी पाणी प्यालो, बाईंना नमस्कार केला आणि निघालो.

नांदगाव खंडेश्वरहून एक तरुण शिक्षक मोटारसायकलने मंडळात येत असे. हसलेल्यांत तो नव्हता, हे मला आठवत होते. मी बसने नांदगावला गेलो आणि त्याचे घर विचारत विचारत गाठले. तो अंगणात होता. मी कोण, कशासाठी आलो, काही सांगावे लागले नाही; आत जाऊन तो खोके घेऊन आला. सुतळी बांधलेली होती तशीच होती.

"उघडलं नाही म्या सर," तो म्हणाला. "तुमी रागानं गेले. म्हनलं, येतीन कधी तरी. नाही आले, तं एखादी वेस करू याची." मी विचारले, हे त्याने मंडळात कोणाला का नाही सांगितले. तो म्हणाला, "इचारलंच नाही कोनं. तिथं सारे सांगूनच राहिले होते." मंडळाचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही.

ते खोके मी वाटेत उघडले नाही. बसमध्ये नाही, घरी नाही. मी निवडून आणले, वाईट तुकडे फेकले, असे कोणी म्हणू नये. आणि म्हणणारे असतात, ते मला आता पुरते कळले आहे. जुम्म्याच्या सकाळी मी ते शेठच्या खाटेवर ठेवले आणि सुतळी त्यालाच सोडायला लावली.

त्याने एकेक भाग बाहेर काढला. थर्मोकोलच्या जागी जळक्या पापडासारखी काळी साल होती. ती हातात घेताच चुरली. शेठच्या पत्नीने बादलीत पाणी आणून दिले. तो प्रत्येक भाग धुऊन, नखाने रंग खरवडून, खिडकीच्या उजेडात धरून पाहू लागला. घाई त्याला ठाऊकच नाही. मी काही बोलायला गेलो तर त्याने बोट वर केले.

मग त्याने पोत्यातून दुसराच एक तुकडा घेतला, माझ्यासमोर धरला आणि दोन्ही अंगठ्यांनी वाकवला. वाक पडला तिथे पांढरी रेघ उमटली.

"कडक माल मोडायच्या आधी पांढरा पडते," तो म्हणाला. "जोर जिथं येते तिथं रेघ येते. मंग सिधा करा, रंगवा, काही करा, ते रेघ जात नाही. थो माल खोटं बोलत नाही."

आणि पुन्हा खिडकीकडे वळला. चाकांच्या कमानी पाहून झाल्या, ठोकळे झाले, रुळांचे कठडे झाले. बसचे छत त्याने शेवटी घेतले, कारण तोफा त्यावर होत्या. ते त्याने उलटसुलट करून, डोळ्यांशी नेऊन, बराच वेळ पाहिले. त्याची पत्नी दाराशी उभी होती. माझे आरेखकाचे डोळे आता चांगले राहिलेले नाहीत. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो.

गल्लीत हातगाडीचा खडखडाट आला आणि भंगारवाल्याने हाक दिली. शेठने छतावरची नजर काढली नाही. खिडकीतूनच म्हणाला, "आज काही नाही. अन् जुम्म्याले येऊ नोको आता."

अध्यक्षांनी हवे तर पुढच्या स्मरणिकेत आणखी एक लेख लिहावा. छायाचित्र तेच चालेल. थर्मोकोलविषयी, गोंदाविषयी, काळ्या मातीविषयी, माझ्या स्वभावाविषयी त्यांना जे छापायचे ते त्यांनी छापावे. मी उत्तर देणार नाही. पुलात शेठचा जेवढा माल होता, तेवढा सगळा त्या दिवशी खाटेवर उजेडात मांडलेला होता. त्यातला एकही तुकडा मोडलेला नव्हता, आणि एकावरही पांढरी रेघ नव्हती.